लोखंडी सांध्याची पारख : उजेड किती व अंतर किती?

बियाणे निवडावयाचे असता जाणता शेतकरी सूप घेऊन अंगणात बसतो, माजघरात बसत नाही. बैल विकत घ्यावयाचा तर त्याचे दात व खूर तो दिवसाउजेडी पाहतो. रात्री आणलेल्या जनावराचा सौदा तो सकाळपर्यंत पक्का करीत नाही. हा शहाणपणा आपल्याकडे पिढीजात आहे. परंतु हाच शेतकरी ट्रॉलीचा तुटलेला हूक, नांगराचा फाळ, मळणी यंत्राची चौकट किंवा पाण्याच्या टाकीची घडवंची वेल्डिंग करून घ्यावयास जातो, तेव्हा दिवसभराची कामे उरकून दिवेलागणीस वर्कशॉपात पोहोचतो. मिणमिणत्या दिव्याखाली सांध्यावरून एकवार हात फिरवतो, 'ठीक आहे' म्हणतो व पैसे मोजून घरी येतो. ज्या सांध्यावर उद्या दोन-तीन टनांचा भार चढावयाचा आणि ज्याच्यामागून मुलेमाणसे रस्त्याने चालावयाची, त्याची पारख बियाण्याच्या पारखेहून हलकी व्हावी हे उचित नव्हे. सबब लोखंडी सांधा डोळ्यांनी कसा पाहावा, त्यास उजेड किती लागतो व डोळा किती अंतरावर असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

पनवेल-उरण रस्त्यावरील जासई व आसपासच्या गावांस हा विषय परका राहिलेला नाही. येथील भातशेती व मिठागरे यांची पुष्कळ जमीन नव्या मुंबईच्या व बंदराच्या कामी संपादन झाली. त्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा व त्यात पडलेले पाच हुतात्मे सर्वश्रुत आहेत. पुढे १९८९ साली न्हावाशेवा येथे बंदर सुरू झाले. ज्या घरांत पूर्वी कोयता व नांगर यांचीच ओळख होती, त्या घरांतील मुले आज कंटेनरच्या आवारांत व वर्कशॉपांत लोखंडाच्या कामावर आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जासईच्या शेजारी चिर्ले येथे जमिनीस टेकतो. सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या या सेतूपैकी १६.५ किलोमीटर भाग समुद्रावर आहे. त्यातील मोठे गाळे काँक्रीटचे नसून पोलादी पत्रे व पट्ट्या वेल्डिंगने एकजीव करून बनविलेले आहेत, आणि सर्वांत लांब गाळा १८० मीटरचा आहे. अशा कामावर सांध्यांच्या तपासणीस क्ष-किरणे व ध्वनिलहरींची यंत्रे वापरतात. तथापि त्या सर्वांच्या आधी जी तपासणी होते, ती माणसाच्या उघड्या डोळ्यांचीच होय. ती यंत्रावाचून होत असल्याने तेवढी आपल्या अंगणातही नियमाने करता येण्यासारखी आहे.

डोळ्यांची तपासणी चुकली तर काय घडते, याचे एक दुःखद उदाहरण जगाच्या इतिहासात नमूद आहे. नॉर्वेच्या समुद्रात तेलखाणीच्या कामगारांस राहण्यासाठी वापरात असलेला 'अलेक्झांडर किएलँड' नावाचा तरता पोलादी मनोरा २७ मार्च १९८० रोजी वादळात कलंडला. त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ दगावली. चौकशीत असे निष्पन्न झाले की, मनोऱ्याच्या एका आडव्या नळीस ध्वनियंत्र बसविण्याकरिता एक लहानसा पोलादी आधार वेल्डिंगने जोडला होता. त्या जोडाची जाडी अवघी ६ मिलिमीटर होती व काम हलके झाले होते. तडा तेथून सुरू झाला, लाटांच्या माराने वाढत गेला व अखेर सबंध नळी तुटली. त्या जुन्या तड्याच्या आत रंग सापडला. अर्थात मनोरा कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी, रंगाचा हात फिरण्याच्याही आधी, तडा तेथे होता. तो कोणाच्या नजरेस आला नाही आणि त्यावर रंग चढून गेला. आपल्या ट्रॉलीच्या हुकाचा व त्या मनोऱ्याचा आकार सारखा नसला, तरी दोहोंचा न्याय एकच आहे. रंगाखाली गेलेली चीर पुन्हा दिसते ती मोडल्यावरच.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सांधा नीट दिसण्यास पुरेसा उजेड, जवळचे अंतर व योग्य कोन या तीन गोष्टी एकत्र जमाव्या लागतात. एक जरी उणी पडली तरी बाकीच्या दोन व्यर्थ होतात. या तिन्हींची मापे जगभरच्या जाणत्या मंडळींनी ठरवून दिली आहेत.

उजेड मोजण्याचे माप लक्स हे आहे. एका मेणबत्तीएवढ्या ज्योतीचा उजेड एक मीटरवर जेवढा पडतो, तो स्थूलमानाने एक लक्स समजावा. सांध्यांच्या दृष्टितपासणीचे जे आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक १७६३७ आहे, ते सांध्याच्या पृष्ठभागावर निदान ३५० लक्स उजेड असावा असे सांगते व ५०० लक्स असल्यास उत्तम मानते. अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने बॉयलर व दाबाच्या टाक्यांसाठी जे नियम केले आहेत, त्यांत याहून कडक, म्हणजे सुमारे १००० लक्सचे माप धरले आहे. आपल्या देशातही सांध्यांच्या तपासणीची रीत सांगणारे भारतीय मानक क्रमांक ८२२ हे १९७० सालीच प्रसिद्ध झालेले आहे.

हे आकडे व्यवहारात कसे ओळखावे? पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याचा उजेड एका लक्सच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरतो. भर दुपारच्या थेट उन्हात तो एक लाख लक्सच्या घरात जातो, व उघड्यावरच्या सावलीतही कित्येक हजार असतो. म्हणून दिवसा अंगणात, झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत पाहणाऱ्यास उजेडाची चिंता करण्याचे कारण नाही. अडचण येते ती संध्याकाळी. आकाश निरभ्र असता सूर्य मावळतेवेळी उघड्या मैदानावर सुमारे ४०० लक्स उजेड असतो. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत तो तीन-चार लक्सच्याही खाली येतो. उजेड शंभर पटीने घटतो, परंतु डोळ्याची बाहुली त्याबरोबर रुंदावत गेल्याने मनुष्यास तो फरक जाणवत नाही. त्यास वस्तू दिसते, तिचा आकार दिसतो, रंगही बराचसा दिसतो. दिसेनाशी होते ती बारीक चीर, आणि जे दिसत नाही ते दिसत नाही हे कळण्यासही मार्ग राहत नाही. संध्याकाळच्या तपासणीचा सर्वांत मोठा धोका हाच होय.

दिव्याखाली पाहणे भाग पडले तर दिव्याचे अंतर हेच मुख्य समजावे. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. दिवा दुप्पट दूर नेला तर उजेड निम्मा न होता चौथा हिस्सा उरतो, आणि तिप्पट दूर नेला तर नववा. घरोघर असणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा एक मीटरवर सुमारे १०० लक्स उजेड देतो. तोच छताशी, तीन मीटरवर टांगला असता सांध्यावर जेमतेम १० ते १२ लक्स पडतात. म्हणजे नियमाच्या तिसाव्या हिश्शाइतकेच. परंतु तोच दिवा वायर लावून हातात घेतला व सांध्यापासून एका वितीहून थोडा अधिक, म्हणजे अर्ध्या मीटरच्या बराच आत, धरला तर ५०० लक्सचे माप सहज भरते. नवा दिवा विकत घेण्याचे कारण नाही. आहे तो छतावरून उतरवून सांध्याजवळ आणला की पुरे. अलीकडे मोबाईलमध्येही उजेड मोजण्याची सोय मिळते. तिचे माप काटेकोर नसले तरी १० लक्स व ५०० लक्स यांतील भेद ती खचित दाखविते.

उजेड किती हे जसे महत्त्वाचे, तसाच तो कोठून येतो हेही महत्त्वाचे आहे. नांगरलेल्या शेतातील तासांचे उंचसखल भर दुपारी दिसत नाही. तेच सकाळच्या तिरप्या उन्हात सावल्या पडून स्पष्ट दिसते. सांध्याचेही तसेच आहे. समोरून पडलेल्या उजेडात भोके व रंगातील फरक दिसतात. सांध्याच्या कडेस मूळ पत्र्यात पडलेली खाच किंवा बारीक चीर पाहावयाची तर दिवा बाजूस नेऊन जवळजवळ पत्र्यालगत तिरपा धरावा, म्हणजे खाचेत सावली भरून ती काळ्या रेघेसारखी उठते. याकरिता एकदा समोरून व एकदा दोन्ही बाजूंनी तिरपा, असा तीन वेळा दिवा फिरवावा. थेट उन्हात मात्र ग्राइंडरने घासलेले लोखंड आरशासारखे चमकते व डोळे दिपून दोष झाकला जातो. अशा वेळी वस्तू सावलीत ओढावी, अथवा आपल्या अंगाची सावली तीवर पाडून पाहावे.

दुसरी गोष्ट अंतराची. वर सांगितलेल्या दोन्ही नियमांत डोळा सांध्यापासून सुमारे ६०० मिलिमीटरच्या, म्हणजे दोन फुटांच्या आत असावा असे ठरविले आहे. आपल्या जुन्या मापाने हे अंतर सव्वा हात धरावे. यामागील कारण असे आहे. निकोप डोळ्यास दोन बिंदू वेगळे दिसण्यास त्यांमधील कोन एका अंशाचा साठावा भाग तरी असावा लागतो. या हिशेबाने ६०० मिलिमीटरवरून सुमारे ०.१७ मिलिमीटर एवढा बारकावा ओळखता येतो. ३०० मिलिमीटरवर तो ०.०९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीपर्यंत जातो. उलट दोन मीटरवर उभ्याने पाहिल्यास ०.६ मिलिमीटरहून बारीक ते सर्व एकमेकांत मिसळते. खांबासारखे ताठ उभे राहून खाली ठेवलेल्या हुकाकडे पाहणे म्हणजे न पाहण्यासारखेच आहे. वस्तू उचलून चौरंगावर ठेवावी, किंवा स्वतः उकिडवे बसावे.

तिसरी गोष्ट कोनाची. नजरेची रेषा व लोखंडाचे अंग यांमधील कोन ३० अंशांहून कमी नसावा. हे मोजण्याची सोपी खूण अशी की, डोळा सांध्यापासून जितका दूर असेल, त्याच्या निदान निम्म्या अंतराइतका तो लोखंडाच्या पातळीहून वर असावा. ६०० मिलिमीटरवरून पाहताना डोळा ३०० मिलिमीटर वर हवा. याहून तिरपे पाहिल्यास वेल्डिंगची उंच रेघ आपल्याच पलीकडची कड झाकते. चौकटीच्या आतील कोपरे, ट्रॉलीच्या पोटाखालचे सांधे, नळीची मागील बाजू अशा ठिकाणी डोके शिरत नाही. तेथे लहान आरसा व विजेरी वापरावी. दाढीचा आरसाही या कामी चालतो. जो सांधा दिसत नाही तो चांगला आहे असे गृहीत धरू नये.

या तिन्ही गोष्टी जमल्या तरी पाहणारा डोळा निकोप हवा. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते, हा निसर्गक्रम आहे. व्हिएन्ना येथील डॉ. एडुआर्ड येगर यांनी १८५४ साली जवळच्या दृष्टीच्या परीक्षेसाठी लहानमोठ्या अक्षरांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वांत बारीक अक्षर निदान ३० सेंटिमीटरवरून वाचता येणे, ही परीक्षा सांधे तपासणाऱ्या अधिकृत माणसास आजही दरवर्षी द्यावी लागते. आपणांस परीक्षा देण्याचे कारण नाही. परंतु सातबारा वाचताना ज्यास चष्मा लागतो, त्याने सांधा पाहतानाही तो लावावा. चष्मा घरी राहिला असल्यास घरातील तरुण मुलास बरोबर न्यावे. उन्हातून आत आलेल्या माणसाने पाच-दहा मिनिटे सावलीत बसून मगच तपासणीस लागावे, कारण दिपलेल्या डोळ्यांस बारीक दोष दिसत नाहीत. वेल्डिंग चालू असता त्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे तर कटाक्षाने टाळावे व मुलांस जवळ उभे राहू देऊ नये. त्या उजेडातील अदृश्य किरणांनी डोळे भाजतात व काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊ लागते.

पाहावयाचे काय, हेही थोडक्यात सांगणे अवश्य आहे. प्रथम सांध्यावरील काचेसारखी खपली हातोडीने काढून तारेच्या ब्रशाने घासून घ्यावी. खपलीवरून सांधा पाहणे म्हणजे टरफलावरून दाणा जोखणे होय. त्यानंतर चीर आहे काय ते पाहावे. ती बहुधा सांध्याच्या शेवटच्या खळग्यात किंवा कडेस सुरू होते, आणि ती दिसली तर लहानमोठी असा भेद न करता सांधा परत करावा. नंतर कडेची खाच, भोके, मूळ पत्र्यास न मिळता नुसताच वर पसरलेला धातू आणि अर्धवट सोडलेले टोक ही पाहावी. शेवटी माप घ्यावे. दोन पत्रे काटकोनात जोडले असता वेल्डिंगचा जो त्रिकोण होतो, त्याची खरी ताकद त्याच्या मधल्या जाडीत असते व ती बाजूच्या सुमारे ०.७ पट भरते. ६ मिलिमीटर बाजू असल्यास जाडी साधारण ४.२ मिलिमीटर. ठरल्याहून बाजू लहान असेल तर सांधा कितीही सुबक दिसला तरी तो अपुरा समजावा.

जुन्या मोटारीच्या पाट्याचे किंवा आसाचे कडक पोलाद नांगरास अथवा हुकास जोडण्याची चाल आपल्याकडे आहे. अशा पोलादात सांधा थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, चीर पडू शकते. म्हणून असा सांधा त्याच दिवशी पाहून थांबू नये. दोन दिवसांनी पुन्हा पाहावा व तोवर रंग देऊ नये. शंका राहिल्यास बाजारात मिळणारे तांबडे द्रव चिरेत मुरवून, पुसून, वर पांढरी भुकटी फवारण्याची रीत आहे. चीर असल्यास तांबडी रेघ उमटते. सांध्याच्या पोटातील पोकळी मात्र डोळ्यांस दिसत नाही, हे विसरू नये. जेथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे अशा मोठ्या कामास यंत्राची तपासणी व जाणता कारागीर यांवाचून गत्यंतर नाही.

खाडीकाठच्या खातेदारांस या विषयातील एक गोष्ट विशेषेकरून सांगावयाची आहे. खारजमिनीच्या बांधातील उघाडीची दारे पूर्वी लाकडाची असत. आता कित्येक ठिकाणी ती लोखंडी, वेल्डिंग केलेली असतात. खाऱ्या पाण्याने त्यांचे सांधेच आधी खातात. ऐन पावसाळ्यात, उधाणाच्या भरतीस बिजागरीचा सांधा सुटला तर खारे पाणी शेतात शिरून त्या वर्षाचे भात तर जातेच, परंतु जमिनीतील मीठ धुऊन निघेपर्यंत पुढील पिकासही धक्का बसतो. म्हणून वैशाखात, पावसाच्या आधी, या सांध्यांची पाहणी व्हावी. येथे ओहोटी व उजेड यांचा मेळ घालणे अवघड पडते. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येस भरती दुपारी व मध्यरात्रीच्या सुमारास येते, अर्थात मोठी ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या आसपास, उजेड अपुरा असतानाच लागते. अष्टमीस ओहोटी दुपारी येते खरी, पण ती भांगाची असल्याने पाणी पुरेसे उतरत नाही व खालचे सांधे बुडालेलेच राहतात. भरती-ओहोटी रोज सुमारे पाऊण तासाने, किंवा थोडी अधिक, मागे पडते. हे ध्यानात घेतल्यास पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचा तिसरा-चौथा दिवस उत्तम ठरतो. त्या दिवशी सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास पाणीही चांगले उतरलेले असते व तिरपे ऊनही मिळते. दारावरील गंज, शेवाळ व कालवांची पुटे खरवडून, आरसा व विजेरी घेऊन, सव्वा हाताच्या आत डोळा नेऊन एकेक सांधा पाहावा.

महसुली कामात एक नियम आम्ही कायम पाळीत आलो, तो असा की तोंडी ठरलेले ते न ठरलेले समजावे. वर्कशॉपात काम देतानाही हा नियम उपयोगी पडतो. कामाच्या चिठ्ठीवर तीन ओळी लिहून घ्याव्या : सांध्याची बाजू अमुक मिलिमीटर राहील; मालकाने पाहिल्यावाचून रंग दिला जाणार नाही; माल दिवसा, उजेडात पाहून ताब्यात घेतला जाईल. चांगल्या कारागिरास या अटींचा राग येत नाही. आपले काम कोणी नीट पाहणार आहे हे कळले, म्हणजे तो अधिक मन लावून करतो. जो कारागीर रंगाची घाई करतो किंवा दिवसा येण्यास हरकत घेतो, त्याच्याविषयी काय समजावे हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

येत्या हंगामात औत, ट्रॉली अथवा मळणी यंत्र दुरुस्तीस जाईल तेव्हा दिवस मावळण्यापूर्वी जावे, चष्मा व विजेरी बरोबर न्यावी, आणि जवळ बसून, दिवा फिरवून सांधा पाहावा. यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही व खर्च काहीच नाही. वाटेत तुटलेल्या ट्रॉलीचा खर्च मात्र पुष्कळ असतो, आणि तो नेहमी पैशातच भरता येतो असे नाही.